महामारीचा काळ आणि विधिसंघर्षग्रस्त बालक : सामाजिक व आर्थिक प्रभाव

घटक ४

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• 'बालगुन्हेगार' आणि 'विधिसंघर्षग्रस्त बालक' या संज्ञांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• कोविड-१९ महामारीच्या काळात मुलांच्या वर्तनावर प्रभाव टाकणाऱ्या सामाजिक व आर्थिक घटकांचे विवेचन करता येईल.
• गुन्ह्यांच्या आकडेवारीचे वाचन कोणती सावधगिरी बाळगून करावे, हे सांगता येईल.
• मुलांविषयीच्या वृत्तलेखनातील व अहवाललेखनातील भाषेचे परीक्षण करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण भाषा आणि समाज यांच्या परस्परसंबंधांचा तात्त्विक अंगाने विचार केला. प्रस्तुत घटकात तोच विचार एका प्रत्यक्ष सामाजिक प्रश्नाला लावून पाहावयाचा आहे. तो प्रश्न म्हणजे महामारीच्या काळात कायद्याच्या कक्षेत आलेली अठरा वर्षांखालील मुले.

मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, अशा मुलाविषयीचे जवळजवळ सर्व महत्त्वाचे लेखन महाराष्ट्रात मराठीतून होते. पोलीस ठाण्यातील नोंद, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, शाळेचा दाखला आणि वृत्तपत्रातील बातमी ही त्या लेखनाची रूपे होत. आपल्यापैकी काही जण शिक्षक, पोलीस कर्मचारी, अंगणवाडी सेविका, वार्ताहर किंवा पालक आहेत. आज ना उद्या अशा मुलाविषयी काही लिहिण्याची वा बोलण्याची वेळ आपल्यावर येणार आहे. त्या वेळी आपण कोणता शब्द निवडतो, यावर त्या मुलाचे पुढील आयुष्य काही अंशी अवलंबून असते.

या घटकाचे मुख्य प्रतिपादन असे आहे : महामारीने मुलांमध्ये नवी गुन्हेगार प्रवृत्ती निर्माण केली नाही, मुलाला सांभाळून धरणारे अनेक आधार तिने एकाच वेळी काढून घेतले. परंतु आपली रूढ भाषा हे सुटलेले आधार दाखवत नाही. ती फक्त मुलाकडे बोट दाखवते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ संज्ञाविचार : 'गुन्हेगार' आणि 'ग्रस्त'

आपल्या बोलण्यात व वृत्तपत्रांत 'बालगुन्हेगार' हा शब्द रूढ आहे. तो 'बाल' आणि 'गुन्हेगार' या पदांचा कर्मधारय समास आहे. 'गुन्हेगार' या शब्दातील '-गार' हा फारसीतून आलेला कर्तृवाचक प्रत्यय 'जादूगार', 'मदतगार' या शब्दांतही आढळतो. एखादी गोष्ट करणे ही ज्याची ओळख, तो अशा शब्दाने दर्शविला जातो. त्यामुळे एका मुलाने एकदा केलेली कृती 'बालगुन्हेगार' या शब्दात त्याची कायमची ओळख होऊन बसते. शिवाय गुन्हा सिद्ध झाला आहे की केवळ आरोप आहे, हा भेद त्या शब्दात उरत नाही.

कायद्याची भाषा या बाबतीत हळूहळू बदलत गेली. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमात अपचारी किशोर अशा आशयाची संज्ञा होती. २००० च्या अधिनियमाने ती सोडून कायद्याशी संघर्षात आलेला किशोर अशी संकल्पना स्वीकारली. सध्या लागू असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यात 'किशोर' या शब्दाची जागा 'बालक' या शब्दाने घेतली असून मराठी प्रशासकीय व्यवहारात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' ही संज्ञा वापरली जाते. या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये सांगितलेल्या मूलतत्त्वांपैकी एक तत्त्व थेट भाषेविषयी आहे. मुलासंबंधीच्या प्रक्रियेत दोषारोप करणारे, कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, असे ते तत्त्व सांगते. शब्दांच्या निवडीलाच कायद्याने तत्त्वाचे स्थान द्यावे, हे भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

'विधिसंघर्षग्रस्त' या शब्दातील उत्तरपद पाहा. 'पूरग्रस्त', 'भूकंपग्रस्त', 'दुष्काळग्रस्त' हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. बाहेरून आलेल्या आपत्तीने ज्याला घेरले, तो 'ग्रस्त'. महामारीच्या काळात 'कोरोनाग्रस्त' हा शब्द आपण रोज वाचला. 'विधिसंघर्षग्रस्त' या संज्ञेत मूल हे आपत्तीचा मूळ स्रोत नसून आपत्तीत सापडलेले आहे, असा दृष्टिकोन गृहीत धरलेला आहे.

मात्र या संज्ञेलाही मर्यादा आहे. पूर येण्यात पूरग्रस्ताचा काहीही वाटा नसतो. मुलाच्या कृतीत मुलाचा वाटा असतो, आणि त्या कृतीने दुखावलेली दुसरी व्यक्तीही असते. ज्या वृद्धेची पर्स हिसकावली गेली, तिचे दुःख कोणत्याही संज्ञेने पुसले जात नाही. म्हणून अभ्यासकाने दोन्ही टोके टाळावीत. कृतीचे नाव स्पष्टपणे घ्यावे. कृतीवरून मुलाचे नाव ठेवू नये.

४.३.२ आकडेवारी काय सांगते, काय सांगत नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात मुलांविरुद्ध नोंदविलेली प्रकरणे २०२० मध्ये २९,७६८ होती. आदल्या वर्षाच्या तुलनेत ही संख्या ७.८ टक्क्यांनी कमी होती. २०२१ मध्ये ती ३१,१७० झाली, म्हणजे ४.७ टक्क्यांनी वाढली. महामारीच्या पहिल्या वर्षी मुले अधिक शहाणी झाली आणि दुसऱ्या वर्षी बिघडली, असा याचा अर्थ घ्यावयाचा काय? तसा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

पहिली गोष्ट, आकडेवारी घटना मोजत नाही, नोंदी मोजते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी होती. बाजार, लोकलगाड्या, बसस्थानके, जत्रा असे सारे बंद होते. चोरीसाठी गर्दी लागते, बंद घर लागते. त्या काळी गर्दी नव्हती आणि घरे माणसांनी भरलेली होती. पोलीस यंत्रणाही बंदोबस्तात गुंतलेली होती.

दुसरी गोष्ट, गुन्ह्याची व्याख्या प्रसंगानुसार विस्तारते वा आक्रसते. त्याच २०२० मध्ये देशातील एकूण दखलपात्र गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. त्याचे मोठे कारण भारतीय दंड संहितेचे तेव्हाचे कलम १८८ हे होते. लोकसेवकाने काढलेल्या आदेशाचा भंग केल्याबद्दलची या कलमाखालील प्रकरणे २०१९ मधील २९,४६९ वरून २०२० मध्ये ६,१२,१७९ वर गेली. एरवी ज्याला कोणी नाव ठेवले नसते, ते घराबाहेर पडणे त्या वर्षी गुन्हा ठरले.

तिसरी गोष्ट, २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलाने केलेल्या किरकोळ वा गंभीर स्वरूपाच्या कृत्याबाबत सामान्यतः प्रथम माहिती अहवाल नोंदविला जात नाही. कृत्य निर्घृण असेल किंवा प्रौढांसमवेत केले असेल तरच तो नोंदविला जातो. इतर प्रकरणी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. म्हणून छापील आकडा हे मुलांच्या वर्तनाचे पूर्ण चित्र नव्हे.

चौथी गोष्ट, आर्थिक आघाताचे परिणाम आकड्यांत उशिरा दिसतात. याचे उदाहरण मुंबईच्या गिरणगावात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप चिघळला, पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या. लालबाग-परळच्या चाळींतील काही तरुण मुले टोळ्यांकडे ओढली गेली, ती त्याच महिन्यात नव्हे, तर पुढील काही वर्षांत. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात अशाच एका घराची वाताहत आली आहे. महामारीचा परिणाम केवळ २०२० व २०२१ या दोन वर्षांच्या आकड्यांनी मोजणे म्हणूनच अपुरे आहे.

येथे एक भाषिक योगायोगही नोंदवावा. 'टाळेबंदी' हा शब्द पूर्वी प्रामुख्याने मालकाने कारखाना बंद ठेवण्याच्या संदर्भात वापरला जाई. २०२० मध्ये तो संपूर्ण समाजजीवनाला लागू झाला. अर्थविस्ताराचे हे उदाहरण आहेच. पण हातावर पोट असणाऱ्या कुटुंबांसाठी शब्दाचा जुना आणि नवा अर्थ एकच होता, तो म्हणजे काम बंद.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १
अ) 'गुन्हेगार' व 'पूरग्रस्त' या शब्दांतील उत्तरपदांच्या अर्थांतील भेद सांगा.
आ) २०२० मध्ये मुलांविरुद्धच्या नोंदी घटल्या, यावरून कोणता निष्कर्ष काढता येत नाही? का?

४.३.३ आर्थिक प्रभाव

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे स्थूल देशांतर्गत उत्पादन, पहिल्या अधिकृत अंदाजानुसार, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटले. हा आकडा घरात कसा उतरतो, ते पाहू.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग थांबले. नाक्यावरचे बांधकाम मजूर, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, हातगाडीवाले यांची मिळकत एकाच आठवड्यात बंद झाली. ऊसतोड कामगारांचे अनेक तांडे पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडणे बाकी होते आणि घरी परतण्याचा मार्ग बंद होता. अशा घरात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तो 'शिकणारा' न राहता 'हाताशी आलेला' होतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व युनिसेफ यांच्या २०२१ च्या अहवालानुसार २०२० च्या आरंभी जगात १६ कोटी मुले बालमजुरीत होती, आणि महामारीमुळे २०२२ च्या अखेरीस आणखी सुमारे ९० लाख मुलांवर तीच पाळी येण्याचा धोका होता. बालमजुरी म्हणजे गुन्हेगारी नव्हे, हे ठासून सांगितले पाहिजे. तथापि, कामाच्या शोधात मूल घरापासून व शाळेपासून दूर जाते, अनोळखी प्रौढांच्या सहवासात येते, आणि त्यातील काही प्रौढ त्याच्या वयाचाच उपयोग करून घेतात. 'तू लहान आहेस, तुला काही होणार नाही,' असे सांगून मुलाच्या हाती पुडी, दारूची बाटली वा चोरीचा माल दिला जातो. येथे मूल हे गुन्ह्याचे साधन झालेले असते.

आणखी एक बाब वयोगटाविषयी आहे. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या मुलांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मुले १६ ते १८ या वयोगटातील असतात, असे राष्ट्रीय अहवाल दाखवतात. या वयाच्या मुलाला कोणते संरक्षण उपलब्ध आहे? मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क १४ वर्षांपर्यंत आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे. शाळा बंद असताना तांदूळ व कडधान्याचा शिधा मिळाला, तोही त्याच वर्गांसाठी. बालमजुरीविषयक कायदा १४ वर्षांनंतर धोकादायक नसलेल्या कामास मुभा देतो. आणि २०१५ च्या अधिनियमानुसार १६ वर्षांनंतर निर्घृण गुन्ह्याच्या प्रकरणी, बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक मूल्यांकनानंतर, मुलाचे प्रकरण प्रौढाप्रमाणे चालविले जाऊ शकते. म्हणजे हक्क जेथे संपतात, त्याच्या थोडेच पुढे दायित्व सुरू होते. मधल्या अरुंद पट्टीत उभा असलेला मुलगा महामारीच्या काळात सर्वांत अधिक उघडा पडला.

दारिद्र्य हे मात्र गुन्ह्याचे सरळ कारण मानता येत नाही. टाळेबंदीत उपाशी राहिलेल्या घरांतील बहुसंख्य मुलांनी कोणाच्याही वस्तूला हात लावला नाही. कित्येकांनी भाजी विकली, पाणी वाहिले, लहान भावंडे सांभाळली. दारिद्र्य मुलापुढील पर्याय कमी करते. निवड कोणती होईल हे इतर घटकांवर अवलंबून राहते. दुसरीकडे, सुस्थित घरातील मुलाची चूक पुष्कळदा शाळेच्या वा सोसायटीच्या चार भिंतींत मिटते आणि गरीब घरातील मुलाची तीच चूक ठाण्यात पोहोचते. त्यामुळे नोंदींत दिसणारे दारिद्र्य काही प्रमाणात नोंद करण्याच्या पद्धतीचेही फलित असते.

४.३.४ सामाजिक प्रभाव

ट्रॅव्हिस हिर्शी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सामाजिक बंधांचा सिद्धांत मांडला. मुले नियम का मोडतात, असे न विचारता बहुतेक मुले नियम का पाळतात, असे त्याने विचारले. त्याच्या मते मुलाला समाजाशी बांधणारे चार धागे असतात : माणसांविषयीचा जिव्हाळा, भवितव्याविषयीची बांधिलकी, रोजच्या कामांतील गुंतलेपण आणि नियमांवरील विश्वास. महामारीच्या काळाला हा सिद्धांत लावून पाहिल्यास पुढील चित्र दिसते.

(१) जिव्हाळा : शिक्षक, प्रशिक्षक, आजी-आजोबा, शेजारची ताई ही मुलाच्या जीवनातील विश्वासाची प्रौढ माणसे दूर झाली. काही मुलांनी आईवडील गमावले. अशा मुलांसाठी राज्य व केंद्र शासनाने २०२१ मध्ये साहाय्य योजना जाहीर केल्या; परंतु आर्थिक साहाय्य आणि रोज संध्याकाळी 'कुठे होतास?' असे विचारणारे माणूस, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या घरांत आधीच भांडणे व मारहाण होती, तेथे मुलाला बाहेर पडण्याची वाटही राहिली नाही.

(२) बांधिलकी : मुलगा चुकीच्या वाटेला जात नाही, कारण त्याला काहीतरी गमवावयाचे असते. २०२१ ची महाराष्ट्रातील दहावीची परीक्षा रद्द झाली. आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय समजण्याजोगा होता. पण अभ्यासाला नुकत्याच लागलेल्या मुलाच्या दृष्टीने वर्षभराच्या धडपडीचे ठिकाणच नाहीसे झाले.

(३) गुंतलेपण : युनिसेफच्या माहितीनुसार देशात शाळाबंदीचा परिणाम प्राथमिक व माध्यमिक स्तरांवरील २४.७ कोटी मुलांवर झाला. महाराष्ट्रात वरचे वर्ग काही ठिकाणी नोव्हेंबर २०२० पासून सुरू झाले व पुन्हा बंद पडले. व्यापक प्रमाणावर शाळा ४ ऑक्टोबर २०२१ पासून उघडल्या. तालीम, मैदान, ग्रंथालय, गणेशोत्सव मंडळाची तयारी हे सारे थांबले. रिकामा वेळ आणि हातातील मोबाइल एवढेच उरले. 'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. याचा एक अर्थ असा की, अनेक घरांत पहिला स्मार्टफोन मुलाच्या शिक्षणासाठी आला, आणि तो कसा वापरावा हे सांगणारे प्रौढ माणूस घरात नव्हते. पैसे लावून खेळावयाचे खेळ, पालकांच्या खात्यातून परस्पर रक्कम वळती होणे, चित्रे पाठवून धमकावणे या प्रकारांची वाट तेथून जाते. उरलेल्या सुमारे चार दशांश घरांत तर ऑनलाइन वर्ग ही दुसऱ्याच्या घरची गोष्ट होती.

(४) नियमांवरील विश्वास : त्या काळात नियम वारंवार बदलले आणि ते सर्वांना सारखे लागू होताना दिसले नाहीत. वडिलांना भाजीची गाडी लावल्याबद्दल काठी खाताना पाहिलेल्या मुलाच्या मनात कायद्याची जी प्रतिमा उमटते, ती नागरिकशास्त्राच्या धड्याने सहज पुसली जात नाही.

एडविन सदरलंड या समाजशास्त्रज्ञाचा विचारही येथे उपयुक्त आहे. त्याच्या मते गुन्हेगारी वर्तन जन्मजात नसते. निकटच्या व्यक्तींशी होणाऱ्या संवादातून ते शिकले जाते. कृत्य कसे करावे एवढेच नव्हे, तर त्याचे समर्थन कोणत्या शब्दांत करावे हेही मूल शिकते. 'हात मारला', 'माल उडवला', 'सगळेच करतात' या बोलींत चोरीचे चोरीपण झाकले जाते. शाळा बंद झाली तेव्हा एक भाषाव्यवहार बंद झाला आणि कट्ट्यावरील दुसरा भाषाव्यवहार मुलाला दिवसभर उपलब्ध झाला, असेही या प्रक्रियेचे वर्णन करता येईल.

त्याच ताणाचा परिणाम मुलींवर वेगळ्या रूपाने झाला. मुलग्याला कामावर धाडले गेले, तर मुलीचे लग्न उरकण्याकडे कल वाढला. लग्नाच्या भीतीने वा ओढीने सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली घर सोडतात, तेव्हा मुलीच्या पालकांच्या तक्रारीवरून मुलावर अपहरणाचा व २०१२ च्या पोक्सो कायद्याखालील गुन्हा दाखल होऊ शकतो. अशा प्रकरणी नोंद गंभीर दिसते. तिच्यामागील सामाजिक कारण मात्र नोंदीत दिसत नाही.

४.३.५ एकाच मुलाची दोन नावे

२०१५ चा अधिनियम मुलांचे दोन वर्ग करतो. 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' बाल कल्याण समितीपुढे जाते. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' बाल न्याय मंडळापुढे जाते. घर वा उपजीविकेचे साधन नसलेले, श्रमविषयक कायद्यांचा भंग करून कामाला लावलेले, बालविवाहाच्या छायेत असलेले मूल पहिल्या वर्गात येते. म्हणजे सोमवारी उपाशी भटकणारा मुलगा काळजीस पात्र असतो. मंगळवारी त्याने दुकानातून वस्तू उचलली की त्याचा वर्ग बदलतो. मूल तेच असते. सोमवारी कोणी त्याची नोंद घेतली असती, तर मंगळवार कदाचित उगवला नसता. महामारीच्या काळात ही सोमवारची नोंद घेणारी शाळा, अंगणवाडी आणि समाजसेवकांच्या गृहभेटी हीच व्यवस्था प्रामुख्याने विस्कळीत झाली होती.

संस्थांत असलेल्या मुलांचा प्रश्नही गंभीर होता. सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन निरीक्षणगृहांतील मुलांना जामिनावर सोडण्याचा विचार करावा, तसेच सुनावणीसाठी दूरदृश्य माध्यमाचा उपयोग करावा, असे निर्देश दिले. मूल घरी गेले. परंतु ज्या घरातील चूल बंद पडली होती, त्याच घरी गेले, हे अनेक प्रकरणांतील वास्तव होते.

४.३.६ वृत्तभाषा व अहवालभाषा

आता अभ्यासासाठी रचलेले एक उदाहरण पाहू. समजा, यंत्रमाग वस्तीतील एका सोळा वर्षांच्या मुलाने टाळेबंदीच्या तिसऱ्या महिन्यात एक मोबाइल चोरला. ही घटना दोन प्रकारे लिहिता येईल.

पहिला प्रकार : 'मोबाइल चोरणाऱ्या सराईत बालगुन्हेगाराच्या पोलिसांनी सापळा रचून मुसक्या आवळल्या व त्याला बेड्या ठोकून गजाआड केले.'

दुसरा प्रकार : 'मोबाइल चोरीच्या प्रकरणी सोळा वर्षांच्या एका मुलाला पोलिसांनी ताब्यात घेऊन बाल न्याय मंडळापुढे हजर केले. मोबाइल मूळ मालकाला परत देण्यात आला.'

पहिल्या वाक्यातील शब्दप्रयोग मराठी वृत्तलेखनात इतके रुळलेले आहेत की, लिहिणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतानाही ते लेखणीतून उतरतात. पण त्यांचा अर्थ तपासा. 'सराईत' म्हणण्यास कोणता आधार आहे? मुलाला बेड्या घालण्यास नियमांनी मनाई आहे, तसेच त्याला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. म्हणजे हे वाक्य एकतर असत्य आहे किंवा ते बेकायदेशीर कृतीची प्रशंसा करते. शिवाय कलम ७४ नुसार मुलाचे नाव, पत्ता, शाळा वा ओळख पटेल असा अन्य तपशील प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासास किंवा दोन लाख रुपयांपर्यंतच्या दंडास अथवा दोन्हींस पात्र असा अपराध आहे. गाव लहान असेल तर 'अमुक गल्लीतील अमुक व्यावसायिकाचा मुलगा' एवढ्यानेही ओळख पटते, हे ध्यानात ठेवावे.

हॉवर्ड बेकर याने १९६३ मध्ये मांडलेल्या विचारानुसार समाजाने लावलेले लेबल व्यक्ती कालांतराने स्वतःही स्वीकारते. महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर हा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन अशा शिक्क्याखालील बालपणाची साक्ष देते. आजही विमुक्त जमातींच्या वस्तीतील मुलावर संशय आधी येतो व पुरावा नंतर शोधला जातो.

बातमीहून अधिक परिणामकारक असा एक मजकूर सहसा कोणी वाचत नाही. तो म्हणजे परिवीक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल. मूल मंडळापुढे प्रथम हजर झाल्यापासून पंधरा दिवसांत तो सादर करावयाचा असतो. मुलाचे घर, शिक्षण, काम, मित्र, आरोग्य यांची माहिती त्यात असते, आणि मंडळाचा निर्णय पुष्कळसा त्यावर आधारलेला असतो. त्यात 'मुलगा उनाड असून अभ्यासात लक्ष नाही' असे लिहिता येते. किंवा 'मार्च २०२० पासून शाळा बंद. घरी मोबाइल नाही. वडिलांचे काम जूनपर्यंत बंद. मुलगा मे महिन्यापासून गोदामात हमाली करीत होता' असेही लिहिता येते. पहिले वाक्य मत आहे, दुसरे माहिती आहे. पहिल्यात कारण म्हणून फक्त मूल दिसते. दुसऱ्यात मुलाभोवतीचे सुटलेले आधार दिसतात, आणि त्यांतील कोणता पुन्हा जोडता येईल याचा विचार मंडळाला करता येतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न २
अ) हिर्शीच्या सिद्धांतातील चार बंध सांगून महामारीत त्यांपैकी कोणत्याही दोहोंवर झालेला परिणाम लिहा.
आ) 'मुलगा वाया गेला आहे' या विधानाऐवजी अहवालात कोणत्या प्रकारची विधाने असावीत?

४.४ सारांश

महामारीच्या काळात मुलांविरुद्धच्या नोंदी प्रथम घटल्या व नंतर वाढल्या. तथापि, नोंद म्हणजे घटना नव्हे आणि आर्थिक आघाताचे परिणाम उशिरा प्रकट होतात. घरातील मिळकत थांबणे, बालमजुरीकडे ढकलले जाणे आणि १६ ते १८ या वयोगटाला अपुरे संरक्षण असणे हे प्रमुख आर्थिक प्रभाव होत. शाळा बंद होणे, विश्वासाची माणसे दुरावणे, रिकामा वेळ, देखरेखीविना मोबाइल आणि नियमांवरील विश्वास ढळणे हे सामाजिक प्रभाव होत. यांपैकी कोणताही एक घटक पुरेसा नाही; ते एकाच वेळी एकत्र आले, हे महामारीचे वैशिष्ट्य होय. 'बालगुन्हेगार' ही संज्ञा या साऱ्याला झाकून मुलालाच कारण ठरवते. मुलाच्या कृतीची जबाबदारी न नाकारता त्याच्या परिस्थितीची अचूक नोंद करणारी भाषा वापरणे, ही कायद्याची अपेक्षा आहे आणि सुशिक्षित भाषकाची जबाबदारीही आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

बाल न्याय मंडळ : विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या प्रकरणांचा निर्णय करणारे मंडळ.
बाल कल्याण समिती : काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांविषयी निर्णय घेणारी समिती.
निरीक्षणगृह : चौकशीच्या काळात मुलाला ठेवण्याची संस्था, बोलीभाषेत 'रिमांड होम'.
परिवीक्षा अधिकारी : मुलाची सामाजिक पार्श्वभूमी तपासून अहवाल देणारा व देखरेख ठेवणारा अधिकारी.
निर्घृण गुन्हा : ज्यास किमान सात वर्षे वा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा आहे, असा गुन्हा.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) 'महामारीने नवी गुन्हेगार प्रवृत्ती निर्माण केली नाही, तिने मुलांचे आधार काढून घेतले.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२) दारिद्र्य आणि मुलांचे कायद्याशी संघर्षात येणे यांचा संबंध स्पष्ट करा. त्यांना सरळ कार्यकारणभावाने का जोडता येत नाही?
३) टिपा लिहा : (अ) कलंकरहित भाषेचे तत्त्व (आ) 'टाळेबंदी' शब्दाचा अर्थविस्तार (इ) सामाजिक तपासणी अहवाल.

४.७ उपक्रम

मुलांविषयीच्या गुन्हेवृत्तांतील पाच बातम्या कोणत्याही मराठी दैनिकातून निवडा. प्रत्येक बातमीत मुलासाठी वापरलेली नामे, विशेषणे व क्रियापदे यांची यादी करा. त्यांपैकी एक बातमी कलम ३ व कलम ७४ यांच्याशी सुसंगत अशा भाषेत पुन्हा लिहा. लिहिताना ज्या व्यक्तीचे नुकसान झाले तिचा उल्लेख गाळू नका, आणि मुलाची ओळख पटेल असा एकही तपशील ठेवू नका. आपले लेखन संपर्कसत्रात समंत्रकांसमोर चर्चेसाठी मांडा.